शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झचा भाव

पाच गिगाहर्ट्झ. इंटेलचा आय७-८७००के हाती आलेल्या माणसाच्या डोक्यात हा आकडा एकदा बसला की निघत नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये हा प्रोसेसर आला तेव्हा कागदावरचं त्याचं वर्णन असं होतं: सहा कोअर, बारा थ्रेड, मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, एकाच कोअरवर काम असेल तर ४.७, सगळे कोअर जुंपले तर ४.३. आज तो जुना झाला असला तरी विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसतो, सेकंडहँड बाजारात मिळतो, आणि 'के' अक्षर असल्यामुळे त्याचा रेशो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला गुणायचा आकडा, उघडा आहे. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, शिकायला यापेक्षा चांगली पाटी मला सुचत नाही. या चिपवर वेगाचा प्रत्येक टप्पा व्होल्टेज देऊन विकत घ्यावा लागतो आणि वर जाऊ तसा भाव कसा चढतो हे अगदी स्वच्छ दिसतं. तो भाव वाचता आला की कुठे थांबायचं ते आपोआप कळतं.

भाव कसा चढतो ते आधी मांडू. चिप जी वीज खाते ती ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. एखाद्या सर्वसाधारण ८७००केला सगळे कोअर ४.३वर चालवायला १.१२ व्होल्ट पुरतात, ४.८ला १.२२ लागतात आणि ५.०ला १.३२, असं धरा. ४.३वरून ४.८वर गेलं की वेग ११.६ टक्के वाढतो, वीज ३२ टक्के. ५.०वर वेग १६ टक्के जास्त, पण वीज ६१ टक्के जास्त. तिथून ५.१ला जायला १.४० व्होल्ट लागले, तर २ टक्के वेगासाठी आणखी १५ टक्के वीज मोजावी लागते. ही सगळी वीज नखाएवढ्या सिलिकॉनमधून उष्णता होऊन बाहेर पडते. प्रत्येक चिपचे आकडे वेगळे असतात. एकाच मॉडेलच्या दोन चिपमध्ये ५.०साठी लागणाऱ्या व्होल्टेजचा फरक ०.०८ व्होल्टही निघू शकतो. पण चढाची जात सगळ्यांची हीच.

पूर्वी हा सौदा इतका महाग नव्हता. १९९८च्या सेलेरॉन ३००एचा रेशो ४.५वर कुलूपबंद होता, पण बसचा, म्हणजे तेव्हाच्या बेस क्लॉकचा, वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३००ची चिप ४५०वर पळायची, आणि अनेकदा व्होल्टेजला हातही लावावा लागत नसे. २०११च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने बेस क्लॉक बाकीच्या बसांशी बांधून टाकला. तो १००च्या पुढे जेमतेम काही मेगाहर्ट्झ सरकायचा. त्यामुळे रेशो वाढवणं हाच राजमार्ग उरला, आणि त्यासाठी 'के' चिप आणि 'झेड' चिपसेटचा मदरबोर्ड दोन्ही लागतात. इथे सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे. झेड१७० आणि झेड२७० बोर्डांचं सॉकेटही एलजीए ११५१च आहे, ८७००के त्यात व्यवस्थित बसतो, पण त्यांचा त्याला अधिकृत आधार नाही. झेड३७० किंवा झेड३९०च हवा. लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही बोर्ड बघताना मोबाइलचा टॉर्च तिरका धरून सॉकेटमधल्या पिना बघा. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, आणि वाकलेली एक पिन एक रॅम स्लॉट मारू शकते.

महागड्या बोर्डात जास्तीचे पैसे कशाचे? दिव्यांचे आणि पत्र्यावरच्या नक्षीचे थोडे असतातच, पण ज्याच्यासाठी द्यावेत ते म्हणजे व्हीआरएम. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट १.३ व्होल्टवर उतरवून शंभराहून जास्त अँपिअर शांतपणे देत राहायचं, हे त्या सॉकेटभोवतीच्या मॉसफेट आणि कॉइलचं काम. व्हीआरएम कमजोर असेल तर फसवं लक्षण दिसतं: प्रोसेसरचं तापमान ७५ अंशच, तरी भार चालू असताना वेग मधेच धाडकन खाली येतो आणि परत वर जातो. लोक तेव्हा कूलर बदलतात, आणि दोष असतो मॉसफेटच्या तापमानात. पाण्याचा कूलर लावणाऱ्यांना हे जास्त भोवतं, कारण उभ्या टॉवर कूलरचा पंखा जाता जाता व्हीआरएमच्या हीटसिंकवर जी हवा मारत असतो ती पाण्याच्या कूलरसोबत निघून जाते. कॅबिनेटच्या मागचा पंखा तरी चालू ठेवा.

बाकी गोष्टींमध्ये बोर्डावरचं दोन आकडी डीबग डिस्प्ले, क्लिअर सीमॉसचं बटण आणि व्होल्टेज मोजायचे बिंदू, या तीन मला खऱ्या उपयोगाच्या वाटतात. मशीन उठेनासं झालं की कुठे अडकलं ते डिस्प्ले सांगतो, बटण पाच सेकंदांत मूळपदावर आणतं. ज्या बोर्डावर हे नाही तिथे दर चुकीला कॅबिनेट उघडून जंपर शोधावा लागतो, आणि तिसऱ्या वेळेनंतर माणूस प्रयोग करायचाच थांबतो.

सुरुवात बायोस अद्ययावत करून. फ्लॅश चालू असताना लाईट गेली तर बोर्डाची वीट होऊ शकते, म्हणजे तो पार निकामी होतो, म्हणून यूपीएसवरच करा. मग सगळं डिफॉल्टवर आणा आणि पहिलं काम म्हणून मल्टिकोअर एन्हान्समेंट बंद करा. या पर्यायाचं नाव प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं, काम एकच: सगळे कोअर ४.३ऐवजी ४.७वर पळवणं. काही बोर्डांवर एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी सेटिंग, लावली की हेही गुपचूप चालू होतं, आणि त्यासाठी बोर्ड आपल्या अंदाजाने भरमसाट व्होल्टेज देतो. 'मी तर काहीच केलं नाही, तरी ९० अंश जातंय' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं.

डिफॉल्टवर अर्धा तास चाचणी करून तापमान लिहून घ्या. इथेच कोअर ८० अंशांच्या वर असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही. कूलर नीट बसलेला नाही किंवा पेस्ट वाळली आहे. नंतर बायोसमध्ये बेस क्लॉक १००.०० असा हाताने लिहायचा, सगळ्या कोअरचा रेशो ४७, कॅशेचा म्हणजे रिंगचा रेशो ४३, व्हीकोअर म्हणजे कोअरचं व्होल्टेज मॅन्युअल १.२० व्होल्ट, एक्सएमपी सध्या बंद. सिनेबेंच हा चाचणीचा प्रोग्रॅम लागोपाठ तीन वेळा चालवा. टिकलं तर रेशो ४८. पडलं तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ने वर. एका वेळी एकच गोष्ट बदला. रेशो, रिंग आणि रॅम एकदम वाढवून मशीन पडलं की दोष कुणाचा ते शोधण्यात आठवडा जातो.

आता ज्या एका ठिकाणी सगळ्यात जास्त गोंधळ होतो तिथे जरा थांबतो. बायोसमध्ये १.३० लिहिलं म्हणजे चिपला १.३० मिळालं, असं नसतं. पूर्ण भारावर चिप १५० वॅट खात असेल तर १.३ व्होल्टला ते साधारण ११५ अँपिअर होतात. घरातला २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरसुद्धा घेत नाही. ११५ अँपिअरच्या वाटेत एक मिलिओम, म्हणजे ओमचा हजारावा भाग रोध असला तरी ०.११५ व्होल्ट पडतात. रिकाम्या मशीनवर १.३० दिसणारी चिप भाराखाली १.१८वर काम करत असते. या घसरणीला व्हीड्रूप म्हणतात, आणि ती इंटेलने मुद्दाम आखलेली आहे. भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं, नळ झटकन बंद केल्यावर पाइपात धक्का बसतो तसं. आधीच खाली उतरलेलं असेल तर ती उसळीही सुरक्षित मर्यादेत राहते.

लोडलाइन कॅलिब्रेशन ही घसरण भरून काढतं. ते पूर्ण कडक केलं की भाराखालीही १.३० सरळ रेषेत दिसतं आणि आकडा बघून बरं वाटतं. पण मग उसळी १.३०च्या वर जाते, मायक्रोसेकंदांत येऊन जाते, आणि ती ना एचडब्ल्यूइन्फो या मोजणी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसते ना मल्टिमीटरला, ऑसिलोस्कोप लागतो. कडक लोडलाइनवर भार चढतानाची खोल डुबकीही असते, आणि त्या डुबकीत मशीन पडतं. आकडा भरपूर असूनही का पडलं, हे मग कळत नाही. म्हणून मधली पायरी निवडावी: बायोसमध्ये लिहिलेल्यापेक्षा भाराखालचं व्होल्टेज ०.०३ ते ०.०५ने कमी राहील अशी. चिपची खरी गरज म्हणून लिहून ठेवायचा आकडा भाराखालचा. 'माझी चिप १.३०वर ५.० करते' हे वाक्य लोडलाइन सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

शिवाय प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी. असूसवर लेव्हल १ सगळ्यात सौम्य आणि आकडा वाढेल तशी कडक. एएसरॉकवर लेव्हल १ सगळ्यात कडक. एमएसआयच्या बहुतेक बोर्डांवर मोड १ कडक. गिगाबाइट शब्द वापरतं: लो, मीडियम, हाय, टर्बो. एका बोर्डाची सेटिंग दुसऱ्यावर डोळे मिटून उतरवली की नेमकं उलटं टोक गाठलं जाऊ शकतं. शेजारी छोटा आलेख काढून दाखवणारे बोर्ड आहेत, तो बघूनच निवडा. आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा व्हीकोअर बहुतेक बोर्डांवर चिपच्या आतून नव्हे, सॉकेटच्या जवळपासच्या एका जागेवरून वाचलेला असतो, हेही लक्षात असू द्या.

दुसरी जागा जिथे लोक घाई करतात ती म्हणजे स्थिर कशाला म्हणायचं. मशीन हँग झालं नाही, ब्लू स्क्रीन आली नाही, म्हणजे स्थिर, हे मला मान्य नाही. व्होल्टेज थोडंसं कमी असताना चिप कधी कधी चुकते, चूक ओळखते, दुरुस्त करते आणि पुढे जाते. स्क्रीनवर काही दिसत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदीत डब्ल्यूएचईए-लॉगर नावाने, आयडी १९ अशी नोंद पडते: इंटर्नल पॅरिटी एरर. एचडब्ल्यूइन्फोमध्ये अगदी तळाशी याच चुकांची मोजणी असते. तिथे एकसुद्धा आकडा चढला तर व्होल्टेज ०.०१ने वाढवायचं आणि चाचणी पहिल्यापासून. पकडली गेलेली ही चूक आहे. न पकडली गेलेली एखादी कुठल्या फाइलमध्ये जाऊन बसली असेल हे सांगता येत नाही. ज्या मशीनवर घरच्यांचे फोटो आणि कोणाचा तरी हिशेब आहे, तिथे हा धोका घेण्याइतके शंभर मेगाहर्ट्झ मोलाचे नाहीत.

ब्लू स्क्रीन आलीच तर तिच्यावरचं नाव वाचा. डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर किंवा क्लॉक वॉचडॉग टाइमआउट असेल तर बहुधा व्हीकोअर कमी. मेमरी मॅनेजमेंट किंवा पेज फॉल्ट असेल तर आधी रॅमकडे बघा.

चाचणीला प्राइम९५चा स्मॉल एफएफटी वापरतात. एव्हीएक्स, म्हणजे एकदम बरीच आकडेमोड करणाऱ्या सूचना, चालू ठेवून तो चालवला की ८७००के ५.०वर बघता बघता १०० अंशांना टेकतो आणि स्वतःच वेग कमी करतो. यावर उपाय म्हणून बोर्डात एव्हीएक्स ऑफसेट असतो: २ टाकलं की तशा सूचना येताच ५.०चा वेग ४.८ होतो. मला हा उपाय फारसा पटत नाही. हल्ली गेमही एव्हीएक्स वापरतात, त्यामुळे वेग सारखा वरखाली होत राहतो आणि ज्या ५.०साठी एवढं केलं ते प्रत्यक्षात कमीच दिसतं. ऑफसेट शून्य ठेवून सगळीकडे टिकणारे ४.८ मला जास्त प्रामाणिक वाटतात.

आता खोलीचं तापमान. ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने स्वतःच हिशेबात धरली पाहिजे, कारण परदेशी चाचण्या २१-२२ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक ठरवतो. चिपच्या आतला रोध धरून प्रत्येक वॅटमागे ०.४ अंश वाढतात असं समजा. ५.०वर १५० वॅट, म्हणजे ६० अंशांची वाढ. २२ अंशांच्या खोलीत ८२. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावात मे महिन्यात बाहेर ४५ असताना पंख्याखालची खोली ३७ धरली तर तीच चिप ९७ला. १०० ही तिची थांबायची रेघ. तेच ४.८वर आणलं तर १२३ वॅट, ४९ अंशांची वाढ, आणि त्याच खोलीत ८६. २०० मेगाहर्ट्झ सोडून ११ अंश मिळाले. गरम सिलिकॉनला त्याच वेगासाठी व्होल्टेजही थोडं जास्त लागतं, त्यामुळे डिसेंबरात रात्रभर टिकलेली सेटिंग मेमध्ये दुपारी दोनला पडते, तेव्हा चिप बिघडली असं समजू नका. थंडीत सेटिंग करत असाल तर १५ अंशांची जागा सोडून ठेवा, किंवा कॅबिनेटचे पंखे मुद्दाम मंद करून चाचणी घ्या.

वाळ्याचा कूलर लावलेल्या खोलीतली दमट हवा मशीनला मारत नाही. चिप खोलीपेक्षा गरम असते, तिच्यावर पाणी धरत नाही. पाण्याचे थेंब कॅबिनेटपर्यंत उडत नाहीत एवढं बघा. धूळ मात्र खरी शत्रू: उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी फिल्टर झटका.

८७००केच्या झाकणाखाली इंटेलने सोल्डर न वापरता पेस्ट लावली होती, त्यामुळे झाकण काढून लिक्विड मेटल भरणारे १५-२० अंश वाचवतात. काम नाजूक आहे. ते धातू वीज वाहून नेतं, म्हणून चिपशेजारच्या बारीक संपर्कबिंदूंवर आधी पारदर्शक नेलपॉलिश लावावं लागतं, आणि ते ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाला लागू द्यायचं नाही. ५.०चा हट्टच असेल तर हा मार्ग व्होल्टेज वाढवण्यापेक्षा चांगला.

रॅम सगळ्यात शेवटी. दोनच काड्या असतील तर सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एक्सएमपी लावा, ३२००च्या किटला १.३५ व्होल्ट, आणि मग रॅम सांभाळणाऱ्या भागाची, म्हणजे व्हीसीसीआयओ आणि सिस्टिम एजंटची, व्होल्टेजेस तपासा. ऑटोवर असली तर बोर्ड ती १.२५च्याही वर नेऊन ठेवतात. ३२००ला साधारण १.१० ते १.१५ पुरतात. मेमटेस्ट८६च्या पूर्ण फेऱ्या झाल्याशिवाय विंडोज सुरूच करू नका. चुकणारी रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइली हळूहळू खराब करते आणि मग रॅम नीट केली तरी विंडोज नीट होत नाही.

ऑटोबद्दल मी एवढा सावध का, त्याला अलीकडची मोठी उदाहरणं आहेत. २०२३मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. त्यानंतर एसओसी व्होल्टेजला १.३ची मर्यादा घालणारे बायोस आले. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या चिप ओव्हरक्लॉक न करताही कमकुवत होत असल्याचं समोर आलं. इंटेलने ऑगस्टमध्ये ०x१२९ मायक्रोकोड काढून १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या रोखल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जास्त व्होल्टेज आणि उष्णता मिळून सिलिकॉन झिजवतात, मग ते व्होल्टेज बोर्डाने दिलेलं असो की माणसाने. ८७००केसाठी रोजच्या वापरात भाराखाली १.३५ ही मी शेवटची पायरी मानतो. आज १.३०वर टिकणारी सेटिंग दोन वर्षांनी १.३३ मागू लागली तर तिला ते देऊ नका, रेशो एकने उतरवा.

शेवटी मॅन्युअल व्होल्टेजवरून ॲडॅप्टिव्हवर यायचं, म्हणजे मशीन रिकामं असताना चिप ०.७ व्होल्टच्या आसपास उतरते. इथे एसी लोडलाइन, म्हणजे व्हीड्रूप भरून काढायला आधीच किती जास्त व्होल्टेज मागायचं ते ठरवणारी सेटिंग, ऑटोवर राहिली तर बोर्ड मागितल्यापेक्षा जास्त देतो. बरेच जण ती ०.०१ ठेवतात. बदलल्यावर भाराखालचा आकडा पुन्हा मॅन्युअलच्या वेळच्या आकड्याशी जुळवा, आणि मशीन रात्रभर रिकामंही सोडून बघा. भाराखाली टिकणारं मशीन रिकामं असताना वेग बदलण्याच्या क्षणी पडू शकतं.

सगळं जमलं की प्रोफाइल बायोसमध्ये साठवाच, पण त्यावर विसंबू नका. बायोस नवा टाकला की जुनी प्रोफाइलं बहुधा पुसली जातात, आणि बोर्डावरचा सीआर२०३२चा सेल काही वर्षांनी संपला की चालू सेटिंगही जाते. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून एक कागद चिकटवा: रेशो ४८, रिंग ४४, बायोसमधला व्हीकोअर १.२६, भाराखालचा १.२२, लोडलाइनची पायरी आणि बोर्डाचं नाव, आयओ आणि एजंट, रॅमचा वेग, बायोसची आवृत्ती. त्याखाली चाचणीच्या दिवसाची तारीख आणि त्या वेळचं खोलीचं तापमान.